सकाळची उंची

३ नोव्हेंबर

ताई,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी सकाळी तुझी लेक उठली नाही. जागी होती. डोळे उघडे, पाय सरळ, हात अंगालगत.

२. ताप नव्हता. दोन थर्मामीटर लावले, कारण एकट्यादुकट्या थर्मामीटरवर माझा विश्वास नाही. दोन्ही सारखंच सांगत होते.

३. कारण विचारलं. "मी उभी राहणार नाही," एवढंच म्हणाली.

४. दूध आडवं पडूनच प्यायली. उशीचा अभ्रा धुवावा लागला.

५. बालवाडीत मी तिला उचलून नेलं. खाली ठेवताच ती चटईवर आडवी झाली आणि दिवसभर तशीच राहिली. खेळली, गाणी म्हटली, सगळं आडवं.

६. मंगळवारी हेच. आजही हेच.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण दोन खोल्यांच्या घरात फोनवर जे बोलावं ते तिला ऐकू जातं, आणि रविवारी तुझा फोन आला की ती तो कानावरून काढतच नाही. तुझ्याशी मोकळं बोलायला हा एकच मार्ग उरतो.

जूनमध्ये तू त्या नाटक मंडळीच्या कपडेपटात पोशाख कापायच्या कामाला गेलीस आणि चिमटी माझ्याकडे राहिली. तेव्हापासून तिने असं कधी केलेलं नाही. बालवाडीच्या बाईंनी विचारलं, "घरात काही बदललंय का?" बदल एकच: गेल्या आठवड्यापासून आमच्या मापं तपासायच्या प्रयोगशाळेत शनिवारी दुपारपर्यंत काम असतं, त्यामुळे त्या दिवशी मी उशिरा घरी येते. त्यावरून कोणी अंथरूण धरेल असं वाटत नाही.

बालवाडीत सध्या मोजमाप चालू आहे. टेबल किती चमच्यांचं, खोली किती पावलांची, कोणत्या पेल्यात पाणी जास्त. बाई सांगतात, घरीही करून घ्या. मी करून घेते. पहिल्या दिवशी चिमटी म्हणाली, टेबल नऊ चमच्यांचं आहे. ते साडेसात चमच्यांचं आहे. तिचे चमचे एकमेकांवर चढले होते. बाई म्हणतात, लगेच दुरुस्त करू नका, तिचं तिला दिसू द्या. मला हे अवघड जातं. मला पगार लगेच दुरुस्त करण्याचाच मिळतो.

शनिवारी आणि रविवारी तिची उंची मोजली. त्यात विशेष काही नाही.

रविवारी फोनवर तू तिला काही बोललीस का? कळव.

मिली

७ नोव्हेंबर

मिले,

तुझं पत्र म्हणजे अपघाताचा पंचनामा! "अभ्रा धुवावा लागला" वाचून मला इतकं हसू फुटलं की इथल्या सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या. नंतर रडले, ते कोणाला दिसलं नाही. तोंडात टाचण्या होत्या आणि मान खाली.

अगं, मी काही बोलले नाही. तिने विचारलं, "आई, तू किती लांब आहेस?" मी म्हटलं, फार नाही. "चमच्यांनी किती?" मी म्हटलं, घरातले सगळे चमचे लावलेस तरी पुरायचे नाहीत. "शेजारचे पण आणले तर?" मी म्हटलं, तरी नाही. बस, एवढंच. एवढ्याने कोणी झोपून राहतं का?

मला विचारशील तर ती तुझ्यावर गेलीय. शाळेच्या पहिल्या दिवशी तू खाटेखाली शिरलीस आणि आईने झाडू घातला तेव्हा झाडूची काठी आत ओढून घेतलीस, ते विसरलीस? गुदगुल्या कर तिला. तुला जमत नसेल तर बाईंना करायला सांग. तूही हसायला शिकशील, मिलीमीटरबाई.

इथे एका राजाचा अंगरखा चाललाय. राजा दुपारी जेवून येतो आणि सकाळचं माप वाया जातं. आमचे मास्तर टेप लावल्याशिवाय कात्री उचलत नाहीत. मी नजरेने कापते म्हणून बोंब मारतात. मग माझं कापलेलं मोजून बघतात आणि चहाला जातात.

चिमटीला फ्रॉक पाठवलाय. जाड आहे, अस्तराचा. वाढत्या अंगाचा केलाय, तेव्हा लांब वाटला तर नाक मुरडू नकोस.

मी येतेच आहे लवकर. नक्की कधी ते दौऱ्यावर आहे. पण लवकर.

तुझी,
ताई

११ नोव्हेंबर

ताई,

कारण सापडलं. दोष दोन ठिकाणी आहे. एक माझा. दुसरा तुझा असावा, पण आधी माझा लिहिते.

मी चिमटीची उंची दर शनिवारी सकाळी, ती उठल्या उठल्या मोजते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टाचा टेकून, डोक्यावर पुस्तक ठेवून. खूण पेन्सिलीने. ३० ऑक्टोबरच्या शनिवारी मी कामाला गेले म्हणून तेच माप संध्याकाळी घेतलं. बाकी सगळं नेहमीसारखं ठेवलं: तीच जागा, तेच पुस्तक, तीच पट्टी. खूण आधीच्या खुणेपेक्षा सहा मिलीमीटर खाली आली.

मी पट्टी तपासली. चौकट तपासली. पुन्हा मोजलं, तेच आलं. मग वाचून काढलं. माणूस दिवसभरात थोडा बुटका होतो. पाठीच्या मणक्यांमधल्या मऊ चकत्या दबतात आणि झोपल्यावर पुन्हा फुगतात. रविवारी सकाळी मोजलं, ती भरून आली होती. चूक सापडली की मी खूश होते, तुला माहीत आहे. त्या खुशीत तिला समोर बसवलं आणि भांडी घासायचा स्पंज दाबून आणि सोडून दाखवला. तिला फार आवडलं.

"म्हणजे झोपलं की मी मोठी होते?"

"हो. थोडी."

"आणि उभं राहिलं की कमी?"

"हो. थोडी."

ही दोन्ही विधानं बरोबर आहेत. त्यावरून तिने जो निष्कर्ष काढला तोही तिच्या परीने बरोबरच आहे. त्या सोमवारपासून ती त्याप्रमाणे वागते आहे.

हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं. काल तुझा फ्रॉक आला. तो घालायला तरी उठेल असं वाटलं होतं. तिने तो आडवं राहूनच अंगात घालून घेतला. घोट्यापर्यंत आला. मी म्हटलं, "मोठा झालाय." तर म्हणाली, "मोठा नाही. आईला माहितीये मी केवढी होणार."

"मग ऊठ, आरशात बघ."

"उठलं की मी कमी होते."

"कमी झालीस तर काय बिघडतं?"

"मग आई येत नाही ना!" हे तिने अशा आवाजात सांगितलं की जणू मीच वर्गातली शेवटच्या बाकावरची. मग तिने चौकटीवरच्या निळ्या रेघेकडे बोट दाखवलं.

ती रेघ मी रोज बघते. इतके महिने मी समजत होते की तू तिथे फळी लावणार होतीस. चिमटीच्या म्हणण्याप्रमाणे ती तू मारलीस, निघायच्या सकाळी, आणि म्हणालीस: एवढी झालीस की मी आलेच.

ती रेघ एक मीटर सतरा सेंटिमीटरवर आहे. तुझी मुलगी सकाळी एक मीटर पाच सेंटिमीटर असते. तिच्या वाढीचा वेग बघता तिथे पोचायला तिला दोन वर्षांच्या आसपास लागतील. ती साडेचार वर्षांची आहे. तिने हा हिशोब केलेला नाही. तिला वाटतं, नीट झोपून राहिलं तर पुढच्या आठवड्यात होईल.

ताई, ती रेघ तिथे कशी आली?

मिली

१६ नोव्हेंबर

मिले,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग धुण्याच्या खोलीत जाऊन बसले.

मारली. मीच मारली. निघायच्या सकाळी ती माझ्या पायाला वेल चढावा तशी चढली होती. तू खाली सामान ठेवायला गेली होतीस, टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. "कधी येणार?" म्हणून एकच घोषा. तिच्या बाबांनी "येतो" म्हणून घर सोडलं ते कायमचंच, तेव्हापासून "येते" हा शब्द ती ऐकूनच घेत नाही. काहीतरी दिसणारं द्यायला हवं होतं. खिशात खडू होता. तिला चौकटीला उभं केलं आणि रेघ मारली.

आता तू म्हणशील, मग एवढी वर का? अगं, मी मुद्दाम केलं नाही! मूल समोर उभं राहिलं की माझा हात आपोआप वर जातो. बोटभर शिलाईचा दाब, चार बोटं खाली दुमड, पोर वाढतं म्हणून थोडं, कापड धुतल्यावर आटतं म्हणून आणखी थोडं. वीस वर्षं हेच केलंय. पोरगी आटत नाही हे मलाही कळतं, पण त्या वेळी डोकं ठिकाणावर होतं कोणाचं? पायात बूट होते तिच्या, ते वेगळेच.

तू म्हणशील ते ऐकेन, पण आधी माझं एक ऐक. ती बालवाडीत गेली की ओलं फडकं घे, ती रेघ पूस आणि खाली मार. तिच्या डोक्याच्या जरा वर. तेवढा निळा खडू तुझ्या त्या डब्यात असेल. कोणाला कळणार आहे? पोरीचा जीव तरी खाली पडेल.

दौरा थोडा लांबलाय. मी जागाही बदलली, नवा पत्ता पाकिटामागे आहे. त्या बालवाडीचं वर्ष संपतं कधी गं? सहज विचारलं.

ती जेवते ना नीट? की तेही आडवंच?

ताई

२२ नोव्हेंबर

ताई,

ती उठली. हे आधी.

बाईंनी खूप प्रयत्न केले होते. मोठ्या कागदावर तिला झोपवून तिच्याभोवती रेघ काढली आणि मुलांना ती आकृती चमच्यांनी मोजायला लावली. चिमटीला हा मानच वाटला. बाकीची मुलंही मग आडवी होऊ लागली. "तुमच्या भाचीमुळे माझा वर्ग म्हणजे रुग्णालय झालंय," बाई मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

मग गुरुवारी त्यांनी हँगरच्या दोन टोकांना दोन डबे टांगून तराजू केला. एका डब्यात दगड एक, दुसऱ्यात बटणं ढीगभर, तरी दगडाची बाजू खाली. त्यावरून भांडण लागलं. "बटणं जास्त आहेत, मग तीच जड!" असा एका गटाचा आरडाओरडा. चिमटी चटईवरून म्हणाली, "हँगर वाकडा असेल." कोणी लक्ष दिलं नाही. पुन्हा म्हणाली. शेवटी स्वतः उठली, दोन्ही डबे रिकामे करायला लावले आणि रिकामा तराजू सरळ राहतो का ते बघितलं. राहिला. मग तिने दोन्ही गटांना सांगितलं, "वाकडा नाही. दगड जड आहे. आता भांडू नका." आणि त्यानंतर पाणी ओतायचा खेळ सुरू झाला, तेव्हा पुन्हा झोपायचं राहून गेलं.

बाईंनी मला दारातच विचारलं, "रिकामा तराजू आधी बघायचा, हे हिला कोणी शिकवलं हो?" मी म्हटलं, कल्पना नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ घ्यायच्या आधी मी तेच करते. ती शेजारी स्टुलावर बसलेली असते.

घरी येताना तिने विचारलं, "आज मी खूप उभी होते. किती कमी झाले?" मी म्हटलं, जेवढी कमी झालीस तेवढी सगळी रात्री परत येते. रोज. कोणाचीच कधी चुकत नाही. तिने यावर रस्त्याचे दोन कोपरे येईपर्यंत विचार केला आणि मान्य केलं.

आता रेघ. मी ती खाली घेणार नाही. कारण साधं आहे. खाली घेतली की चिमटी कधीतरी तिथे पोचेल, आणि ती पोचेल त्या दिवशी तू दारात असायला हवीस. म्हणजे रेघ किती खाली घ्यायची हे ठरवायला तुझी तारीख हवी. तुझ्या दोन्ही पत्रांत यायची तारीख नाही. "लवकर" म्हणजे किती सेंटिमीटर, मला माहीत नाही.

मी तिला हळूच म्हणून बघितलं की रेघ जरा वर पडलीय.

"आईची?"

"हो."

"आई चुकत नाही. आई न मोजता कापते." मग, माझं मन राखायला असावं, म्हणाली, "तू मोजून करतेस तरी कधी कधी चुकतेस. असू दे."

शनिवारी आता मी कामाला जायच्या आधीच मोजते. ती आली तेव्हा पायात मोज्यांचे तीन जोड होते, सगळ्यात बाहेर माझे. मी म्हटलं, काढ. म्हणाली, थंडी आहे. मी म्हटलं, काढ. तर म्हणाली, "आईने रेघ मारली तेव्हा मी बूट घातले होते." हे तुझ्या पत्रातही आहे, त्यामुळे मला वाद घालता आला नाही. मोजे राहू दिले. ते माप मी खरं धरलेलं नाही, पण तिला खूण करू दिली.

तू जागा बदललीस. इथल्या हवेत घालता येणार नाही इतका जाड फ्रॉक पाठवलास. बालवाडीचं वर्ष कधी संपतं ते विचारलंस, सहज. अंदाज बांधणं हे माझं काम नाही, तरी एक बांधते: तू इथे परत येणार नाहीस. चुकीचा असेल तर कळव. बरोबर असेल तरी कळव.

मिली

२८ नोव्हेंबर

मिले,

बरोबर आहे. शंभरपैकी शंभर. घे.

मास्तर नव्या वर्षात निवृत्त होतायत आणि त्यांची कात्री माझ्याकडे येतेय. अख्खा कपडेपट, मिले! राजापासून चोरापर्यंत सगळे माझ्या मापात. मी सप्टेंबरातच हो म्हटलं. तेव्हापासून तुला लिहायला बसते आणि राजाच्या पोटाबद्दल लिहून पाकीट बंद करते.

जागा चिमटीसाठीच घेतली. दोन खोल्या आणि एक गॅलरी. समोर शाळा आहे, लहान मुलांचे वर्ग खालच्या मजल्यावर. मी खिडकीतून बघत बसते, कोणाची पोरं कशी रांगेत उभी राहतात ते.

मग का नाही सांगितलंस, म्हणशील. घाबरले. दर रविवारी फोनवर "मावशीने दाखवलं", "मावशी म्हणते", "मावशीला नाही चालत". ऐकून हेवा वाटतो आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम. ती माझ्याकडे यायला तयारच झाली नाही तर? आणि आली, तर तुझ्याकडून काढून आणायची? तुला कोणी मिठी मारली तर तू तक्ता वाचत असल्यासारखी उभी राहतेस हे जगाला माहीत आहे, पण मी तुला लहानाची मोठी केलीय. मला तुझ्या पत्रांतून दिसतं. मोज्यांबद्दल "सगळ्यात बाहेर माझे" असं कोणी उगाच लिहितं का?

तू "ठीक आहे" असं लिहिशील. मला आत्ताच ऐकू येतंय.

एक कर माझ्यासाठी. तूच सांग तिला. म्हणावं, आई आता तिकडेच राहणार, आणि वर्ष संपलं की तू तिच्याकडे जायचंस. तुला नीट, सरळ सांगता येतं. मी सांगायला गेले की काय होतं ते चौकटीवर दिसतंच आहे.

तुझीच,
ताई

४ डिसेंबर

ताई,

ठीक आहे.

कात्रीबद्दल अभिनंदन. हे आधी लिहायला हवं होतं. मास्तर तुझं कापलेलं मोजून बघायचे आणि चहाला जायचे, तेव्हाच हे ठरलं असणार.

पण चिमटीला मी सांगणार नाही. टाळते आहे असं समजू नकोस. मी सांगितलं तर ती मला विचारेल, "तू मोजलंस का?" तुझ्या येण्याजाण्याचं मी काहीच मोजलेलं नाही. ती फक्त तुझंच न मोजलेलं खरं मानते. म्हणून ते तुझ्याच तोंडून यायला हवं, आणि फोनवर नाही. फोनवर तू किती उंच आहेस हे तिला दिसत नाही.

आज सकाळी जे झालं ते लिहिते, म्हणजे तुला ठरवायला सोपं जाईल.

तिची उंची मोजून झाली. मोजे नव्हते. मग म्हणाली, "आता तू." मी चौकटीला टेकून उभी राहिले. तिने खाली वाकून माझ्या टाचा तपासल्या. "मान सरळ. हलू नको. श्वास सोड." सगळं माझ्याच आवाजात. स्टुलावर चढली, माझ्या डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि खूण केली. खूण तिरकी आली, मी ती तशीच राहू दिली. खाली उतरून तिने आधी माझी खूण आणि मग निळी रेघ बघितली.

"मावशी, तू आईच्या रेघेच्या वर आहेस."

"हो."

"खूप वर."

"पंचेचाळीस सेंटिमीटर."

"मग तू का नाही जात?"

"कुठे?"

"आईकडे! तू झालीयेस ना एवढी. तुला थांबायला कशाला लागतं? तू जा." मग माझ्या झग्याची कड धरून म्हणाली, "आणि मला पण ने. मी तुझ्याबरोबरची आहे."

पाव भाजायला ठेवला होता, तो जळला. प्रयोगशाळेत उशिरा पोचले. कोणी काही म्हटलं नाही, कारण हे आधी कधी झालेलं नाही, त्यामुळे काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नसावं.

दुपारी मी तुझ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला फोन केला. आमच्यासारखंच काम करतात: गेज, मायक्रोमीटर, पट्ट्या तपासून देणं. लांबीच्या विभागात त्यांना माणूस हवा आहे. काम मला येतं. त्यांनी पुढच्या आठवड्यात कळवायला सांगितलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण तुझ्या घराचा प्रश्न आहे.

तू दोन खोल्या आणि गॅलरी लिहिलंस, मापं लिहिली नाहीस. मला भिंतीलगत एक खाट आणि खिडकीजवळ एक टेबल एवढी जागा लागते. मी आवाज करत नाही. स्वयंपाक साधा करते. चिमटी झोपताना माझा कान धरते. ती झोपली की हात सुटतो, मग मला जाग येते आणि मी तिचा हात परत कानावर ठेवते. हे केवळ माहितीसाठी लिहिते आहे.

दोघींच्या घरात तिसरी नको असेल तर तसं स्पष्ट लिही. मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी चालवून घेईन, आणि सुट्टीत येत जाईन.

मात्र काहीही ठरलं तरी तू आधी इथे यायचंस. बालवाडीला सतरा तारखेला सुट्टी लागते, वर्ष संपायची वाट बघायला नको. अठराला शनिवार आहे. सकाळी ये, ती उठायच्या आत. तिच्यासमोर उभी राहा आणि सांग की तू इथे राहायला आलेली नाहीस, तिला न्यायला आली आहेस. ती रेघेबद्दल विचारेल. तिची वाढ पुरेशी झाली असं खोटं सांगू नकोस, ती ताबडतोब चौकटीला जाऊन उभी राहील. रेघ तू जास्त वर मारलीस आणि तुला तोवर थांबवलं नाही, असं सांग. ते खरं आहे, आणि तिला ते आवडेल.

अठराला येतेस का, आणि मीही तुमच्याबरोबर यायचं का, दोन्ही सोमवार, १३ डिसेंबरपर्यंत कळव.

मिली